घरात कांजण्या आल्यात? पहिल्या दिवसापासून काय काय करायचं ते

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्याकडे कांजण्या आल्या. आधी सहा वर्षांच्या मुलाला आणि बरोब्बर चौदा दिवसांनी त्याच्या बाबाला. मुलगा पाचव्या दिवशी सोफ्यावरून उड्या मारत होता, बाबा मात्र दहा दिवस आडवा, वर खोकला लागला म्हणून छातीचा एक्स-रेपण काढून झाला. तेव्हा जे मला पहिल्याच दिवशी कोणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं ते इथे लिहून ठेवतेय, कारण आता परत सीझन आलाय आणि आमच्याच बिल्डिंगमधून तीन जणींचे फोन येऊन गेलेत. मी डॉक्टर नाही हां, बँकेत नोकरी करते, पण दोन पेशंट आणि एक गरोदर नणंद असं सगळं एका महिन्यात निस्तरलं की डॉक्टरांना विचारून विचारून बरंच कळायला लागतं.

सगळ्यात आधी हे सांगते. ज्या पोराला फोड आलेत त्याचं बहुतेक वेळा आपलं आपण नीट होतं, पहिल्या दिवशी खरी धावपळ करायची ती घरातल्या बाकीच्यांसाठी. आम्ही नेमकं उलटं केलं.

आधी कांजण्याच आहेत का ते बघा

मंगळवारी आंघोळ घालताना मुलाच्या पाठीवर तीन लाल ठिपके दिसले. मला वाटलं डास चावले. संध्याकाळी शाळेचा शर्ट काढला तर पोटावर, छातीवर, मानेवर मिळून वीस-पंचवीस, आणि सकाळच्या तीन ठिपक्यांवर पाणी भरलेलं. वैद्यकीय पुस्तकांत याला गुलाबाच्या पाकळीवरचा दवबिंदू म्हणतात म्हणे, मला तो शिजलेल्या साबुदाण्याचा दाणा लाल कागदावर ठेवल्यासारखा दिसला. तसाच पातळ, आरपार, बोट लागलं तर फुटेल असा.

ओळखायची मुख्य खूण म्हणजे एकाच वेळी अंगावर सगळ्या अवस्था दिसतात. एक ठिपका नुसता लाल, शेजारचा उंचवट्यासारखा, त्याच्या बाजूला पाण्याची पुटकुळी, एखादीवर खपली धरायला लागलेली. कारण ते एकदम येत नाहीत, तीन-चार दिवस लाटेसारखे नवे नवे येत राहतात. सुरुवात छाती-पोट-पाठ आणि चेहऱ्यापासून होते, हातापायावर नंतर आणि कमी. डोक्यात केस बाजूला करून बघा आणि तोंड उघडून टॉर्च मारून बघा, टाळूला किंवा गालाच्या आतून फोड असतील तर खात्री जवळजवळ झालीच. लहान पोरांना फोड आणि ताप बरोबरच येतात, तापही बेताचा, मोठ्या माणसांना मात्र एक-दोन दिवस आधी अंग मोडून येतं, कणकण, डोकं दुखणं, आणि मग फोड. एकूण फोड किती येतील? लस न घेतलेल्या माणसाला अडीचशे ते पाचशे सहज. मोजू नका, मी पहिल्या दिवशी मोजत होते, नुसता ताण येतो.

दुसरं काय असू शकतं तेही थोडक्यात. गोवर असेल तर आधी तीन-चार दिवस जोराचा ताप, सर्दी, खोकला, डोळे लालभडक, आणि मग पुरळ कानामागून आणि चेहऱ्यावरून खाली उतरतं, त्यात पाणी नसतं. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराची मोठी साथ आली होती, त्यामुळे गोवर आता नसतोच असं समजू नका, आणि तो कांजण्यांपेक्षा जास्त काळजीचा. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड, बाकी अंग बऱ्यापैकी साफ, असं असेल तर ते हँड-फूट-माऊथ, बालवाडीतल्या पोरांत खूप फिरतं. बोटांच्या बेचक्यात आणि मनगटाला रात्री खाज सुटत असेल आणि घरात सगळेच खाजवत असतील तर खरूज. घामोळं तर आपल्याला कळतंच.

आणि देवी. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्या रात्री हळूच विचारलं की देवी तर नाहीत ना. त्यांच्या पिढीने ते चेहरे बघितलेत, त्यामुळे त्यांची भीती मला हसण्यावारी न्यावीशी वाटली नाही. पण देवी जगातून गेल्या, भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर करून टाकलं. अजून एक, ज्यांच्या दंडावर देवी टोचल्याचा तो गोल व्रण आहे त्यांना वाटतं की आपल्याला कांजण्या होणार नाहीत. तसं नाही, दोन्ही विषाणू वेगळे आहेत आणि ती लस कांजण्यांवर चालत नाही. आणि हो, इंग्रजी नावात चिकन आहे म्हणून चिकन खाल्ल्याने होतं असं आमच्या कामवाल्या मावशींना कोणीतरी पक्कं सांगितलेलं, कोंबडीचा याच्याशी काही संबंध नाही.

त्याच दिवशी कॅलेंडर घ्या आणि माणसं मोजा

हे काम फोड दिसल्याच्या दिवशीच करा, दुसऱ्या दिवशी नको.

हा रोग फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरायला लागतो आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत पसरत राहतो. म्हणजे तुम्हाला कळतं तेव्हा घरच्यांना लागायची ती लागण होऊन गेलेली असते. हवेतून पसरतो, श्वासातून, फोडातल्या पाण्यातून. ज्याला आधी झालेल्या नाहीत आणि लसही नाही असा माणूस एका घरात राहिला तर दहातल्या नवांना होतात, म्हणून वेगळं ताट-वाटी करून फार काही साधत नाही. लागण झाली की फोड यायला १० ते २१ दिवस लागतात, बहुतेकांना दोन आठवड्यांच्या आसपास.

आमच्या मुलाला ११ फेब्रुवारीला फोड आले, म्हणजे पसरणं सुरू ९ तारखेपासून. तिथून मोजलं तर बाकीच्यांसाठी काळजीचे दिवस १९ फेब्रुवारी ते २ मार्च, आणि सोबतच राहतोय म्हणून पुढे अजून थोडे. हे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने केलं, पण केलं कधी, तर नवरा आजारी पडल्यावर. तुम्ही आधी करा.

आता माणसं मोजा. ९ तारखेपासून घरात कोण कोण होतं, पोरगं कोणाच्या मांडीवर बसलं, कोणत्या ट्यूशनला, कोणत्या वाढदिवसाला गेलं. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे: कांजण्या होऊन गेल्यात का, आणि लस घेतलीय का. होऊन गेल्या असतील तर सहसा परत होत नाहीत. मला चौथीत असताना झाल्या होत्या, आईने शाळेला लिहिलेली चिठ्ठी अजून आठवते, त्यामुळे मी निर्धास्त. नवरा म्हणाला मलापण झाल्यात लहानपणी, विषय संपला. चौदा दिवसांनी त्याच्या अंगावर फोड बघून आई म्हणाल्या, अरे तुला गोवर आला होता, कांजण्या तुझ्या बहिणीला आल्या होत्या! तेव्हा हे नुसतं आठवणीवर सोडू नका, त्या माणसाच्या आईला फोन लावून विचारा, आणि तरी खात्री नसेल तर झाल्या नाहीत असंच धरून चाला.

का, तर ज्याला झालेल्या नाहीत त्याला संपर्क आल्यापासून तीन दिवसांत, फार तर पाच, लस दिली तर रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो. पाच दिवसांची ती संधी आम्ही गोवर-कांजण्यांच्या गोंधळात घालवली.

यातली सगळ्यात महत्त्वाची माणसं कोण ते वेगळं सांगते. गरोदर बाई. नवजात बाळ. कॅन्सरचं औषध चालू असलेला, अवयव बदललेला, किंवा कुठल्याही आजारासाठी पोटातून स्टिरॉइड घेणारा माणूस, मग तो दम्याचा लहान मुलगाही असू शकतो. यांना फोन आधी करायचा, शाळेला नंतर. गरोदरपणात पहिल्या वीस आठवड्यांत झाल्या तर बाळात व्यंग राहण्याचा धोका असतो, तो थोडाच, पण असतो, आईला स्वतःला न्यूमोनिया होऊ शकतो, आणि बाळंतपणाच्या अगदी तोंडावर आईला फोड आले तर नवजात बाळाला ते फार जड जातात.

आमची नणंद ९ तारखेला, रविवारी, डोहाळजेवणाचं ठरवायला आली होती. भाचा दुपारभर तिच्या पोटाला कान लावून बसलेला. बुधवारी सकाळी मला हे सुचलं आणि पोटात गोळाच आला. तिने घाबरून न जाता तिच्या गायनॅकला फोन केला, त्यांनी रक्तातल्या अँटिबॉडीची टेस्ट करायला लावली, दोन दिवसांत रिपोर्ट आला की तिला प्रतिकारशक्ती आहे, म्हणजे लहानपणी खरंच तिलाच आल्या होत्या. रिपोर्ट उलटा आला असता तर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन देता येतं, पण तेही संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत, म्हणून फोन लवकर करायचा. गरोदरपणात लस मात्र देत नाहीत, ती जिवंत विषाणूची असते.

डॉक्टरकडे जाताना

आधी फोन करा. कांजण्यांचं पोरगं घेऊन थेट वेटिंगमध्ये जाऊन बसलात तर तिथे डोस द्यायला आणलेली तान्ही बाळं असतात, गरोदर बायका असतात. आमच्या डॉक्टरांनी व्हॉट्सॅपवर फोटो मागवले आणि मग शेवटचा पेशंट म्हणून बोलावलं. फोटो उजेडात काढा, फ्लॅश नको, एक लांबून पूर्ण पाठीचा आणि एक जवळून.

धडधाकट लहान मुलाला बहुतेक वेळा विषाणूवरचं औषध देत नाहीत, नुसती खाज आणि ताप सांभाळतात. रिकाम्या हाताने परत पाठवलं म्हणून डॉक्टर बदलू नका. अँटिबायोटिकही विषाणूवर चालत नाही, फोडात पू झाला तरच त्याचं काम. पण बारा वर्षांच्या पुढची मुलं, मोठी माणसं, जुना त्वचेचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेली पोरं, यांचं गणित वेगळं, ते खाली सांगते.

ताप: काय द्यायचं आणि काय अजिबात नाही

फक्त पॅरासिटामॉल. वजनावर द्यायचं, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. म्हणजे १८ किलोच्या पोराला एका वेळी १८० ते २७० मिलिग्रॅम. बाटली नीट वाचा, कारण तेच सिरप पाच मिलीला १२० चं पण मिळतं आणि २५० चं पण, "एक चमचा द्या" याला काही अर्थ नाही.

ॲस्पिरिन मुलांना अजिबात नको, कांजण्यांत त्याने रेज सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूचा भयंकर आजार होऊ शकतो. आयब्युप्रोफेनपण टाळायचं, कांजण्यांत ते घेतलेल्या मुलांना त्वचेच्या आतपर्यंत जाणारा जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढलेला दिसलाय. आणि इथेच फसायला होतं. दुसऱ्या रात्री ताप १०२ गेला, घरातली बाटली संपलेली, नवरा खाली मेडिकलमध्ये गेला आणि "लहान मुलाला तापाचं द्या" म्हणाला, त्याने जी बाटली दिली त्यावर पुढे मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव आणि मागे अगदी बारीक अक्षरात पॅरासिटामॉल अधिक आयब्युप्रोफेन. मी चष्मा लावून वाचलं म्हणून कळलं. मेफेनॅमिक ॲसिडचं सिरपही आपल्याकडे तापाला सर्रास देतात, ते त्याच कुळातलं. तेव्हा बाटलीची मागची बाजू वाचा, नुसतं पॅरासिटामॉल असेल तरच घ्या.

स्टिरॉइड असलेली क्रीमं, ती "खाज, खरूज, गजकर्ण सगळ्यावर" म्हणून घरात पडलेली असतात ना, ती फोडांवर लावायची नाहीत.

खाज, आंघोळ आणि कडुलिंब

दिवसा पोरं खेळण्यात विसरतात, रात्री मात्र रडकुंडीला येतात. पहिलं काम नखं, अगदी मुळापर्यंत कापून कानशीने घासून गुळगुळीत करा, आणि हे रोज बघा. खाजवून फोड फुटला की नखातले जंतू आत जातात आणि मग पू, आणि मग कायमचा खड्डा. तान्ह्याच्या हाताला झोपताना सुती मोजे घाला. आमच्या चिरंजीवांना "खाजवू नको" सांगून काही उपयोग झाला नाही, त्यापेक्षा "थोपट" सांगितलं ते चाललं, तळहाताने हळू चापट्या मारायच्या, तो मग तबला वाजवत बसायचा स्वतःच्याच पोटावर.

कॅलामाइन लोशन बाटली हलवून कापसाने टिपत टिपत लावायचं, चोळायचं नाही, डोळ्यांजवळ आणि तोंडात नाही. रात्रीच्या खाजेसाठी डॉक्टरांनी अँटिअ‍ॅलर्जीचं सिरप दिलं होतं, त्याने झोप लागते, पण ते विचारूनच. कपडे सैल, जुने, धुवून धुवून मऊ झालेले. आईंनी त्यांचं जुनं सुती लुगडं काढून गादीवर अंथरलं, त्याच्याइतकी चांगली चादर दुकानात मिळणार नाही.

आंघोळीवरून आमच्या घरात युद्ध झालं. आईंचं म्हणणं, खपल्या पडेपर्यंत पाणी लावायचं नाही, मग सातव्या दिवशी कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालायचं. घरात फोडणी द्यायची नाही, मीठ-तेल कमी, बाहेरचं कोणी आत येऊ द्यायचं नाही, उशाशी कडुलिंबाचा पाला, बरं वाटल्यावर शीतलादेवीला दहीभाताचा नैवेद्य. आता हे नुसतं अडाणीपणा म्हणून झटकू नये असं मला वाटतं. बाहेरच्याला आत न येऊ देणं म्हणजे सरळ विलगीकरणच झालं, फोडणीच्या ठसक्याने आजाऱ्याला खोकला येतो हेही खरं, आणि पाल्याची डहाळी अंगावरून फिरवली की खाज न खाजवता भागते, नखं लागत नाहीत. त्यामुळे पाला ठेवला, माहीमच्या शीतलादेवीला जाऊनही आलो. पण आंघोळ मी रोज घातली, कोमट पाण्याने, दहा मिनिटं, साबण अगदी नावाला, आणि मऊ पंचाने टिपून कोरडं. आंघोळीने फोड वाढत नाहीत, उलट अंग स्वच्छ राहिलं तर पू होण्याची शक्यता कमी होते आणि खाजही उतरते. पाला वाटून फोडांवर लेप, राख, हळद-तेल असलं काही मात्र फुटलेल्या फोडावर लावू नका. आईंना मी म्हटलं, आई, पाणी तुमच्याच कडुलिंबाचं घेते, उकळून गाळून गार केलेलं, फक्त सातव्या दिवसाऐवजी पहिल्या दिवशी. चाललं त्यांना.

मीठ बंद करायची गरज नाही. तोंडात फोड असतील तर तिखट, आंबट, गरम झोंबतं, म्हणून गार दही-भात, मऊ खिचडी, पेज, ताक, केळं, आइस्क्रीम दिलं तरी हरकत नाही. पाणी भरपूर. पोरगं दोन घास कमी खाईल, चालेल, शू नीट होतेय ना तेवढं बघा.

मोठ्या माणसाला झाल्या तर थांबायचं नाही

आपल्याकडे उष्ण हवेच्या देशांत बऱ्याच जणांना लहानपणी होतच नाहीत आणि मग हॉस्टेलला, पहिल्या नोकरीत, लग्नानंतर होतात. आणि मोठेपणी जास्त त्रास देतात, ताप जास्त, फोड जास्त, न्यूमोनियाचा धोका, सिगरेट ओढणाऱ्याला तो आणखी जास्त.

नवऱ्याला २३ तारखेच्या रात्री ताप भरला, व्हायरल म्हणून गोळी घेऊन झोपला. २५ ला सकाळी दाढी करताना भुवईच्या वर एक पिंपल दिसला, तो त्याने फोडला आणि ऑफिसला निघून गेला, लोकलने, भर गर्दीत. (माझं कॅलेंडर तेव्हा कोरं होतं हे परत सांगते.) संध्याकाळी मान, छाती, डोकं सगळीकडे. त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला आणि असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सुरू झालं, ८०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. हे औषध फोड आल्यापासून चोवीस तासांच्या आत सुरू केलं तर खरा फायदा, नंतर कमी होत जातो, म्हणून मोठ्या माणसाने "बघू दोन दिवस" म्हणायचंच नाही. पाच वेळा म्हणजे सकाळी सहा, दहा, दोन, सहा, रात्री दहा असे मोबाईलवर अलार्म लावले होते. सोबत पाणी खूप प्यायचं, किडनीचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं, डोस बदलतात. हे चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही आणि माझ्या नवऱ्याचा डोस म्हणजे तुमचा डोस नाही.

चौथ्या दिवशी कोरडा खोकला सुरू झाला, त्याच दिवशी एक्स-रे काढला, साफ निघाला. पण मोठ्या माणसाला कांजण्यांत खोकला किंवा धाप लागली की त्याच दिवशी दाखवायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

लगेच दवाखाना गाठायचा तो कधी

श्वास लागतोय, छातीत दुखतंय. चार दिवसांच्या वर ताप आहे, किंवा उतरलेला ताप परत चढलाय. एखाद्या फोडाभोवतीची जागा लाल, गरम, दुखरी होऊन पसरत चाललीय. फोडांत रक्त दिसतंय. पोरगं उठवलं तरी धड जागं होत नाही, बरळतंय, मान ताठ झालीय, सारखं ओकतंय, किंवा चालताना दारू प्यायल्यासारखा तोल जातोय, हे शेवटचं फोड सुकत आल्यावरही होऊ शकतं. सहा-आठ तास शू नाही. डोळ्यात फोड. यातलं एकही असेल तर रात्री दोन वाजता असेल तरी निघायचं.

शाळा, ऑफिस

सगळ्या फोडांवर खपली धरली आणि चोवीस तासांत नवा फोड आला नाही की मग बाहेर पडायचं. पाच ते सात दिवसांत होतं साधारण, मोठ्यांना जास्त लागतात. खपली पडेपर्यंत थांबायची गरज नाही, वाळलेल्या खपलीतून कांजण्या पसरत नाहीत, पण शाळेतल्या बाईंना हे पटवायला डॉक्टरांची चिठ्ठी लागतेच. जानेवारी ते एप्रिल हा यांचा मोसम आणि परीक्षाही नेमक्या तेव्हाच, तर शाळेशी पहिल्याच दिवशी बोलून ठेवा. लपवून पेपरला पाठवू नका, वर्गात एखाद्या पोराची आई गरोदर असते.

आणि नागीण?

हे आईंनी विचारलं, की नातवामुळे मला नागीण होईल का. नाही. नागीण दुसऱ्याकडून येत नाही. लहानपणी होऊन गेलेल्या कांजण्यांचाच विषाणू मज्जातंतूत झोपून राहतो आणि वय झालं, ताण आला, प्रतिकारशक्ती कमी झाली की एका नसेच्या वाटेने वर येतो. म्हणून ती अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी येते, आधी दोन-तीन दिवस आग आणि टोचल्यासारखं दुखतं, मग फोड. उलट मात्र होऊ शकतं, नागिणीच्या फोडातल्या पाण्यातून एखाद्या लस न घेतलेल्या नातवाला कांजण्या होऊ शकतात, तर फोड झाकून ठेवायचे.

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो असं गावाकडे म्हणतात, त्या भीतीपोटी लोक आधी उतरवणाऱ्याकडे जातात आणि तिथेच पहिले तीन दिवस निघून जातात. औषधाचा उपयोग ७२ तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर. कधी कधी फोड जातात आणि दुखणं मागे राहतं, महिनोन्महिने, पदर लागला तरी कळ येते. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी नागिणीची लस भारतात २०२३ पासून मिळते, दोन डोस, महाग आहे.

लस

कांजण्यांची लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, म्हणून ती पुष्कळांची राहते. बालरोगतज्ज्ञ पहिला डोस १५ महिन्यांना देतात आणि दुसरा १८-१९ महिन्यांना, राहिला असेल तर पुढेही देता येतो. आमच्या मुलाचे १५ महिने लॉकडाऊनमध्ये आले, डोस राहिला तो राहिलाच. तेरा वर्षांच्या पुढे चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या पोरांकडे बऱ्याच युनिव्हर्सिट्या या दोन डोसांचा किंवा अँटिबॉडीचा कागद मागतात, तर व्हिसाच्या गडबडीत शेवटच्या आठवड्यात पळापळ नको. लस घेऊनही क्वचित होतात, पण पन्नासेक फोड, ताप जेमतेम, आणि तरीही त्या पसरतात.

डाग

खपली स्वतःहून पडू द्यायची, खाली गुलाबी किंवा काळपट डाग दिसतो, तो काही महिन्यांत फिकट होत जातो. उन्हात जाताना झाकून ठेवा, साधं मॉइश्चरायझर लावा, लिंबू-बेसन रगडू नका. मुलाच्या अंगावर आज शोधूनही काही सापडत नाही. नवऱ्याचेही सगळे गेले, एकच खड्डा उरलाय, भुवईच्या वर, तो पिंपल म्हणून फोडला होता तिथे.